औषधाआधी जन्मलेले दुष्परिणाम : स्टेरॉइडच्या इतिहासातली एक विसरलेली बाजू

२१ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेतील रॉचेस्टर गावच्या मेयो क्लिनिकमध्ये एका २९ वर्षांच्या स्त्रीला १०० मिलिग्रॅम औषधाची सुई टोचण्यात आली. आमवाताने तिचे सांधे इतके आखडले होते की अंथरुणात कूस बदलणेही तिला जड जात असे. दोन-तीन दिवसांत वेदना ओसरू लागल्या आणि आठवड्याभरात ती बाजारात जाऊन तीन तास खरेदी करून आली. त्या औषधाला पुढे कॉर्टिझोन हे नाव मिळाले. अवघ्या दोन वर्षांत, १९५० मध्ये, त्यामागच्या संशोधनाला वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिकही मिळाले.

या औषधाचे दोन सर्वांत घातक दुष्परिणाम मात्र ती सुई टोचली जाण्याआधीच छापून आलेले होते. १९३७ मध्ये ड्वाइट इंगल आणि एडवर्ड केंडॉल यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात लिहिले, की अधिवृक्क ग्रंथींच्या बाह्यस्तराचा अर्क मोठ्या मात्रेत दिला असता उंदरांच्या स्वतःच्या अधिवृक्क ग्रंथी सुकत जातात. १९४१ मध्ये इंगल यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवले : आज ज्याला कॉर्टिझोन म्हणतात तेच संयुग धडधाकट उंदरांना दिले, की त्यांच्या लघवीत साखर उतरते. पहिला परिणाम ग्रंथीच्या ऱ्हासाचा, दुसरा रक्तातील साखरेचा. पहिल्याने १९५२ पर्यंत माणसाचा बळी घेतला होता. दुसऱ्याचा २०२१ मधील भारताच्या शोकांतिकेत मोठा वाटा होता. स्टेरॉइडच्या धोक्यांचा इतिहास सहसा ‘नंतर कळले’ अशा सुरात सांगितला जातो. जुनी कागदपत्रे तसे म्हणत नाहीत.

प्रथम एक खुलासा. व्यायामशाळांत पीळदार स्नायूंसाठी चोरून वापरली जाणारी स्टेरॉइड वेगळ्या कुळातली. ती पुरुषी संप्रेरकाची भावंडे. दमा, आमवात, त्वचाविकार, अवयवरोपण आणि कोविड यांत वापरली जातात ती अधिवृक्क ग्रंथीच्या संप्रेरकाची रूपे : हायड्रोकॉर्टिझोन, प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन. पुढील सर्व विवेचन या दुसऱ्या कुळाबद्दलचे आहे.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या या दोन छोट्या ग्रंथी नसतील तर काय होते, हे लंडनच्या गाइज रुग्णालयातील थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये लिहून ठेवले होते : कमालीचा अशक्तपणा, त्वचेवर काळसर झाक, मंदावत जाणारी नाडी आणि मृत्यू. या ग्रंथी अतिरेकी काम करू लागल्या तर काय होते, याचे चित्र हार्वे कुशिंग या मेंदुशल्यविशारदाने १९१२ पासून रेखाटायला घेतले आणि १९३२ मध्ये पूर्ण केले. चेहरा चंद्रासारखा गोल, पोट सुटलेले, हातपाय मात्र काटक्यांसारखे. त्वचेवर जांभळे पट्टे, वाढलेला रक्तदाब, ठिसूळ हाडे. औषध बाजारात येण्याआधीच वैद्यकशास्त्राच्या हातात असा संपूर्ण नकाशा होता. एका टोकाला अ‍ॅडिसन, दुसऱ्या टोकाला कुशिंग, आणि मधे निरोगी शरीराची अरुंद वाट.

फिलिप हेंच या वाटेवर आले ते एका कोड्यामुळे. १९२९ मध्ये आमवाताच्या एका रुग्णाने (तो स्वतः डॉक्टर होता) त्यांना सांगितले, की कावीळ झाल्यापासून त्याचे सांधे दुखायचे थांबले आहेत. गरोदरपणात आमवात मागे हटतो, हेही हेंच यांच्या लक्षात आले. शरीरच कोणता तरी द्रव तयार करत असले पाहिजे, असा त्यांचा कयास होता; त्याला त्यांनी ‘पदार्थ एक्स’ म्हटले. त्याच क्लिनिकमध्ये केंडॉल गुरांच्या अधिवृक्क ग्रंथींतून एकेक संयुग वेगळे करून त्यांना ए, बी, सी अशी नावे देत होते. स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखश्टाइन स्वतंत्रपणे तेच काम करत होते. १९४१ च्या सुमारास हेंच आणि केंडॉल यांनी ठरवले, की संयुग ‘ई’ आमवातावर वापरून पाहायचे. पण देणार कुठून? मणांनी ग्रंथी उकळल्या तरी हाती चिमूटभर स्फटिक येत.

मदतीला आली एक अफवा. जर्मन वैमानिक अधिवृक्क अर्क घेऊन प्रचंड उंचीवर विमाने उडवतात, अशी कुजबूज युद्धकाळात अमेरिकेत पसरली. ती खोटी होती, परंतु तिच्यामुळे या संयुगांच्या संशोधनाला सरकारी पाठबळ मिळाले. मर्क कंपनीतील तरुण रसायनशास्त्रज्ञ लुइस सॅरेट यांनी बैलाच्या पित्तातील आम्लापासून सुरुवात करून तीसहून अधिक पायऱ्यांची लांबलचक प्रक्रिया उभी केली आणि संयुग ‘ई’ बाटलीत आले. विज्ञानाच्या इतिहासात खोट्या बातमीचे इतके भले फळ क्वचितच मिळाले असेल.

आता त्या पहिल्या सुईतल्या १०० मिलिग्रॅमकडे पाहावे, कारण पुढच्या सगळ्या कथेचे मर्म या आकड्यात आहे. निरोगी प्रौढ शरीर दिवसाकाठी साधारण १० ते २० मिलिग्रॅम कॉर्टिसोल तयार करते. १०० मिलिग्रॅम कॉर्टिझोनचे बळ सुमारे ८० मिलिग्रॅम कॉर्टिसोलइतके भरते. म्हणजे पहिल्याच दिवशी त्या रुग्णाला शरीराच्या स्वतःच्या उत्पादनाच्या चार ते आठ पट संप्रेरक मिळाले. हा पूरक डोस नव्हता. अ‍ॅडिसनच्या टोकापासून दूर नेता नेता तो थेट कुशिंगच्या टोकाकडे ढकलणारा होता. आणि तसेच घडले. काही आठवडे-महिने औषध घेतलेल्या रुग्णांचे चेहरे गोल होऊ लागले, अंगावर सूज आली, मनःस्थिती कधी अकारण उल्हसित तर कधी खोल उदास झाली. औषध थांबवताच सांध्यांचे दुखणे परत आले, काहींचे पूर्वीपेक्षा जोराने.

हेंच यांना याची पुरेपूर जाणीव होती, आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. हे औषध आग विझवत नाही, जळालेले घर दुरुस्तही करत नाही. ते फक्त रुग्णाला अग्निरोधक कपडे चढवते, अशा अर्थाची उपमा त्यांनी दिली होती. पण १९४९ मध्ये त्यांनी दाखवलेल्या चित्रफितीत लंगडणारे रुग्ण पायऱ्या चढताना दिसत होते. अशा दृश्यासमोर सावधगिरीची उपमा कोणाच्या लक्षात राहणार? १९५४ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषद आणि नफील्ड प्रतिष्ठानच्या संयुक्त समितीने ६१ आमवाती रुग्णांवर कॉर्टिझोन आणि साध्या अ‍ॅस्पिरिनची वर्षभर तुलना केली. दोन्ही गटांत फारसा फरक आढळला नाही. या निष्कर्षावर पुढे बराच वाद झाला, पण ‘चमत्कार’ हा शब्द त्यानंतर जपून वापरला जाऊ लागला.

दरम्यान १९३७ च्या उंदरांनी दिलेली सूचना खरी ठरली होती. १९५२ मध्ये ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’मध्ये एका ३४ वर्षांच्या आमवाती पुरुषाची हकिकत आली. त्याने कित्येक महिने कॉर्टिझोन घेतले होते. खुब्याची शस्त्रक्रिया नेहमीसारखी पार पडली. काही तासांतच रक्तदाब कोसळला आणि कोणत्याही उपायाने तो सावरला नाही. शवविच्छेदनात त्याच्या अधिवृक्क ग्रंथी सुकून गेलेल्या आढळल्या.

यामागचे गणित कोणत्याही नियंत्रण-यंत्रणेचे असते तसेच आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तातील कॉर्टिसोल सतत मोजत असते. ते कमी पडले की ती अधिवृक्काला हुकूम सोडते, पुरेसे झाले की हुकूम थांबवते. पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा नळ बंद करतो, तसे. बाहेरून कोणी टाकी रोज काठोकाठ भरत राहिले, तर नळ उघडण्याची वेळच येत नाही. महिनोन्‌महिने हुकूम न आलेली ग्रंथी आकसते. मग औषध एकाएकी बंद केले किंवा शस्त्रक्रिया, अपघात, तापासारखा ताण आला, की टाकी रिकामी आणि नळ गंजलेला. पीयूषिका त्यामानाने आधी जागी होते. आकसलेली अधिवृक्क ग्रंथी पूर्ववत व्हायला कित्येकदा महिने लागतात, क्वचित वर्षही. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड पायरीपायरीने कमी करतात ते याच कारणाने. अनेक रुग्णांना हा डॉक्टरांचा निव्वळ शिरस्ता वाटतो, आणि बरे वाटू लागताच ते गोळ्या स्वतःच थांबवतात. या औषधाचा सर्वांत टाळता येण्याजोगा धोका बहुधा हाच असेल.

१९५२ चा धडा किती लवकर गिरवला गेला, याचा एक दाखला प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅडिसनचा आजार असलेल्या एका ३७ वर्षांच्या पुरुषाच्या पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली. स्टेरॉइडची मात्रा शस्त्रक्रियेच्या आधी वाढवून, नंतर बेताबेताने उतरवण्यात आली. संसर्गाने तो मरणाच्या दारात जाऊन आला, पण वाचला. १९५५ च्या शोधनिबंधात त्याचे नाव नव्हते. तो रुग्ण म्हणजे सिनेटर जॉन केनेडी.

बाकीचे दुष्परिणाम एकामागून एक नोंदले गेले. १९५० च्या दशकात खुब्याच्या हाडाचा गोल भाग रक्तपुरवठ्याअभावी मरतो, हे दिसले. १९६० मध्ये दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या आमवाती रुग्णांत विशिष्ट प्रकारचा मोतीबिंदू आढळला. मुलांची उंची खुंटणे, डोळ्यांतील दाब वाढणे, जुना क्षय पुन्हा डोके वर काढणे. ही यादी पाहून विद्यार्थ्यांना एक प्रश्न पडतो : पाऊण शतकात रसायनशास्त्राला फायदा ठेवून तोटा गाळता आला नाही का?

अंशतः आला. कॉर्टिझोन शरीरात मीठ आणि पाणी साठवून ठेवते; १९५० च्या दशकात आलेल्या प्रेडनिसोलोनमध्ये हा दोष कमी आहे, डेक्सामेथासोनमध्ये जवळजवळ नाही. पण साखर, हाडे, स्नायू, प्रतिकारशक्ती यांच्यावरील परिणाम सुटे करता आले नाहीत. कारण स्टेरॉइड ज्या ग्राहक-प्रथिनाला जाऊन भिडते, ते शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीत आहे, आणि भिडल्यावर ते थेट जनुकांच्या कामकाजात हात घालते. सांध्यातला दाह शमवणारा आणि यकृताला साखर बनवायला लावणारा संदेश एकाच दारातून आत शिरतो. नव्या औषधांचे बळ तेवढे वाढले. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन किंवा पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे २५ मिलिग्रॅम कॉर्टिझोनच्या तोलाचे. गोळी लहान होत गेली आणि तिच्याविषयीचे भयही तसेच आकसत गेले.

किंमतही उतरली. १९४९ मध्ये कॉर्टिझोनचा भाव ग्रॅमला २०० डॉलर होता. सॅरेट यांच्या प्रक्रियेत सर्वांत अवघड काम होते ते रेणूच्या अकराव्या कार्बनवर ऑक्सिजन बसवण्याचे. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीतील पीटरसन आणि मरे यांनी दाखवून दिले, की एक बुरशी हे काम एका फटक्यात करते. भाव घसरून ग्रॅममागे सहा डॉलरवर आला आणि स्टेरॉइड जगभरच्या सामान्य दवाखान्यांत पोहोचले. त्या बुरशीचे नाव रायझोपस.

हे नाव पुढच्या कथेत पुन्हा येते.

१६ जून २०२० रोजी ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. कृत्रिम श्वसनयंत्रावरील कोविड रुग्णांत मृत्यूचे प्रमाण नेहमीच्या उपचारात ४१.४ टक्के होते, डेक्सामेथासोन दिलेल्यांत २९.३ टक्के. प्राणवायूवर असलेल्यांत २६.२ विरुद्ध २३.३. साऱ्या जगाने हे आकडे वाचले. तिसऱ्या ओळीकडे तेवढे लक्ष गेले नाही : ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांच्यात डेक्सामेथासोन घेणाऱ्यांचे मृत्यू १७.८ टक्के आणि न घेणाऱ्यांचे १४ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक नव्हता, पण फायद्याची खूण त्यात मुळीच नव्हती. मात्रा होती दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. बळाच्या हिशेबाने ती १९४८ च्या पहिल्या सुईच्या दुप्पट भरते.

२७ जून २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मध्यम आणि तीव्र आजारासाठी डेक्सामेथासोनचा समावेश उपचारपद्धतीत केला. औषध भारतात सहज मिळणारे आणि अत्यंत स्वस्त. त्याने असंख्य जीव वाचवले, हे निर्विवाद. पण २०२१ च्या दुसऱ्या लाटेत खाटा मिळत नव्हत्या, प्राणवायू मिळत नव्हता, आणि भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या औषधांच्या याद्यांत स्टेरॉइड पहिल्या दिवसापासून लिहिलेले असे. हताश कुटुंबांना दोष देण्यात अर्थ नाही. जे हाती लागले ते त्यांनी घेतले. मे महिन्यात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात स्टेरॉइड घेऊ नये, असे जाहीरपणे बजावले. तोवर नाक, गाल, डोळे पोखरणारा म्युकरमायकोसिस देशभर दिसू लागला होता. १९ मे रोजी राजस्थानने त्याला साथरोग घोषित केले; दुसऱ्या दिवशी केंद्राने सर्व राज्यांना त्याची नोंद बंधनकारक करण्यास सांगितले. जुलैमध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार रुग्णांची संख्या ४५ हजारांवर आणि मृत्यू ४ हजार ३०० हून अधिक होते. सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्र आणि गुजरातेत होते.

हा रोग ज्या बुरशींमुळे होतो, त्यांत सर्वांत वारंवार आढळते ती रायझोपस. कॉर्टिझोन स्वस्त करणाऱ्या बुरशीचेच हे घराणे. यात नियतीचा सूड वगैरे शोधण्याचे कारण नाही. रायझोपसचे बीजाणू शिळ्या पावावर, मातीत, हवेत सर्वत्र असतात आणि निरोगी माणूस ते रोज श्वासावाटे घेतो. फरक यजमानाच्या शरीरात पडतो. रक्तातील साखर वाढली, आणि बुरशीला गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी स्टेरॉइडने मंदावल्या, की बीजाणूला अंकुरायला मोकळे रान मिळते. मधुमेही व्यक्तीत या दोन्ही गोष्टी एकदम होतात, आणि भारतात कोट्यवधी मधुमेही आहेत, त्यांतल्या अनेकांना आपल्या आजाराचा पत्ताही नाही. १९४१ चे निरीक्षण इथे हजारो घरांत एकाच वेळी खरे होत होते.

केवळ स्टेरॉइडला जबाबदार धरणे मात्र शास्त्राला धरून होणार नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात देशातील १६ केंद्रांनी मिळून २८७ म्युकरमायकोसिस रुग्णांचा अभ्यास केला. त्यांतील १८७ जणांना कोविड होऊन गेला होता. सर्वांत मोठे मूळ कारण अनियंत्रित मधुमेह हेच ठरले. कोविडग्रस्तांत हा रोग होण्याशी दोन गोष्टींचा स्वतंत्र संबंध दिसला : रक्तातील प्राणवायूची घट, आणि स्टेरॉइडचा अयोग्य वापर. ‘अयोग्य’ हा शब्द महत्त्वाचा. हे निष्कर्ष दुसऱ्या लाटेच्या आधीच्या रुग्णांचे होते, हेही ध्यानात घ्यावे. जानेवारी २०२२ मधील सुधारित राष्ट्रीय मार्गदर्शिकेत इशारा स्पष्ट शब्दांत आला : स्टेरॉइड फार लवकर, अधिक मात्रेत किंवा गरजेपेक्षा जास्त दिवस दिल्यास म्युकरमायकोसिससारख्या संसर्गाचा धोका संभवतो.

महासाथ ओसरली, तरी याच औषधाचा एक शांत, दीर्घ प्रवास भारतात चालूच आहे, आणि तो नळीतून होतो. १९५२ मध्ये सल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिझोनचे मलम त्वचारोगांवर उपयोगी ठरते हे दाखवले. पुढे त्याहून शेकडो पटींनी प्रभावी मलमे आली. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे त्वचा काही दिवस फिकट, नितळ दिसते. गोरेपणाच्या हव्यासाला एवढे निमित्त पुरेसे होते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी १२ केंद्रांवर केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २ हजार ९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे १४.८ टक्के, चेहऱ्याला स्टेरॉइड चोळत असल्याचे आढळले. कोणी ते गोरे होण्यासाठी लावत होते, कोणी मुरुमांवर, कोणी दाढीनंतर. त्वचा पातळ होते, लाल होते, लव वाढते, पुरळ उठते. मलम थांबवले की आग होते, म्हणून पुन्हा तेच मलम. १९४८ च्या सांध्यांची गोष्ट इथे गालावर घडते.

गजकर्णावरही तेच. स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र कालवलेली मलमे खाज तासाभरात थांबवतात आणि बुरशीला मात्र पसरू देतात. गेल्या दशकभरात देशात जुनाट, औषधाला दाद न देणारे गजकर्ण वाढले. त्याला बुरशीची औषधप्रतिकारक्षमताही कारणीभूत आहे, पण या मिश्रणांचा हातभार त्वचारोगतज्ज्ञ वारंवार दाखवून देत आले आहेत.

ही मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत होती, कारण स्टेरॉइडला चिठ्ठी सक्तीची करणाऱ्या ‘अनुसूची एच’मध्ये बाहेरून लावायच्या औषधांना तळटिपेतून सूट होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने या सुटीविरुद्ध अनेक वर्षे पाठपुरावा केला. अखेर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमांची ही सूट काढून घेतली. पहिल्या सुईला त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ७० वर्षे पूर्ण झाली.